शार्प, फ्लॅट आणि ओळीच्या सुरुवातीची ती चिन्हं: पियानो शिकणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात आपण स्टाफवरचे सूर कसे वाचायचे ते बघितलं, त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न शार्प (उजवीकडची लगेचची पट्टी), फ्लॅट (डावीकडची) आणि की सिग्नेचरचे (ओळीच्या सुरुवातीला छापलेले शार्प-फ्लॅट) आहेत. मला याचं बरं वाटलं, कारण कितीतरी जणांचा पियानो नेमका इथेच सुटतो, सी मेजरमधली गाणी संपली की पुस्तक मिटतं ते मिटतंच. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रं मोठी होती, थोडी छोटी केली आहेत.

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सी मेजरमधलं सगळं छान वाजवते पण जी मेजरचा पीस आला की एफ शार्प विसरतेच. उजव्या हाताला आठवतो तर डाव्याला विसरते. मी प्रत्येक एफला पेन्सिलने गोल करून देते, तेवढा पीस निभतो, पुढच्या पीसला पुन्हा तेच. तिच्या टीचर म्हणतात गोल करू नका. मग करू काय? (एक आई, डोंबिवली)

टीचरचं बरोबर आहे ताई. गोल केले की मुलगी गोल वाचायला शिकते, सिग्नेचर वाचायला शिकत नाही, आणि पुस्तक बदललं की गोल गेले आणि एफ शार्पही गेला.

आधी एक तपासून बघा, तिला ती खूण नेमकी काय सांगते हे माहीत आहे का. वरच्या ओळीत म्हणजे ट्रेबलमध्ये तो शार्प सगळ्यात वरच्या रेघेवर छापलेला असतो, खालच्या ओळीत म्हणजे बासमध्ये वरून दुसऱ्या रेघेवर. आणि बऱ्याच मुलांचा प्रामाणिक समज असा असतो की फक्त त्या रेघेवरचा एफ शार्प करायचा, ट्रेबलच्या सगळ्यात खालच्या फटीतला एफ वेगळा, त्याला काही लावलेलं नाही ना! तसं नाही हे तिला स्पष्ट सांगा. सिग्नेचरमधला शार्प सगळ्या सप्तकांतल्या सगळ्या एफना लागतो, दोन्ही हातांना, पीस संपेपर्यंत, किंवा मध्ये सिग्नेचर बदलेपर्यंत.

आता वाजवायला बसण्याआधीचा दोन मिनिटांचा व्यायाम. पुस्तक बंद ठेवायचं आणि पियानोवरचे सगळे एफ शार्प खालपासून वरपर्यंत एकेक करून दाबायचे, तीन काळ्यांच्या गटातली पहिली काळी. पूर्ण ८८ पट्ट्यांच्या पियानोवर सात मिळतील, घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर पाच. मग जी मेजरचं स्केल एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने, आणि त्यात तिला दाखवा की एफ शार्पवर उजव्या हाताचं चौथं बोट येतं आणि डाव्या हाताचं दुसरं. डावा हात विसरतो त्याचं कारण बहुतेक हेच असतं, उजव्याची सवय झालेली असते आणि डाव्याचं स्केल कमी वेळा वाजवलेलं असतं.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती म्हणजे कान. आपल्याकडच्या मुलांना सारेगम येतंच, त्याचा उपयोग करा. जीवर सा धरून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवू दे आणि बरोबर सा रे ग म प ध नी सा म्हणू दे. नीपाशी आली की गळा एक म्हणेल आणि पियानो दुसरंच, कारण पांढरा एफ हा तिथे कोमल नी होतो. मग तिलाच विचारा, कुठली पट्टी दाबली तर बरोबर लागेल? ती काळी पट्टी तिने स्वतः शोधली की तो एफ शार्प पुस्तकाने लादलेला नियम राहत नाही, तिच्या कानाला हवा असलेला सूर होतो. गोल करायची गरज मग हळूहळू आपोआप जाते.

प्रश्न: मी तीस वर्षं हार्मोनियमची साथ करतोय, निवृत्तीनंतर नातवाबरोबर पियानो शिकायला घेतला. फ्लॅट म्हणजे कोमल आणि शार्प म्हणजे तीव्र असं मी धरून चाललो होतो पण हिशोब जमत नाही. मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल, सगळे शुद्ध, मग त्यात शार्प-फ्लॅट येतातच कसे? (एक वाचक, सांगली)

काका, तुमचा प्रश्न या सगळ्या गठ्ठ्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे, आणि तुम्हाला हार्मोनियम येते म्हणून उत्तर फार लवकर पटेल.

कोमल आणि तीव्र हे सापासून मोजलेलं असतं. सा कुठेही धरा, काळी एक, पांढरी चार (म्हणजे सीपासून मोजलेली पहिली काळी, चौथी पांढरी), कुठेही, सापासून पुढची तिसरी पट्टी (काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून) कोमल गच असणार. शार्प आणि फ्लॅट मात्र सापासून मोजत नाहीत, ते अक्षरापासून मोजतात. एफ ही पियानोवरची एक ठरलेली पांढरी पट्टी, तिच्या उजवीकडची लगेचची पट्टी एफ शार्प, डावीकडची एफ फ्लॅट, मग तुमचा सा कुठे का असेना. म्हणजे एक नाव सुराच्या नात्याचं आहे आणि एक नाव पट्टीच्या जागेचं आहे. दोन्ही खरी आहेत पण एकाची जागा दुसरं घेऊ शकत नाही.

हे हाताने करून बघा. काळी तीनला सा धरा आणि भूप वाजवा. सा रे ग प ध, पाचही सूर काळ्या पट्ट्यांवर येतात, एकही पांढरी लागत नाही. स्टाफवर लिहिलं तर एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, सी शार्प, डी शार्प, पाचही शार्प! आणि भूपात तीव्र स्वर किती? एकही नाही, सगळे शुद्ध. आता त्याच पाच पट्ट्या, सा फक्त काळी एकला आणा, दुर्गा झाला, सा रे म प ध. पुन्हा सगळे शुद्ध. आणि त्याच पाच पट्ट्यांवर काळी पाचला सा धरलात तर मालकंस, आता मात्र ग, ध, नी तिन्ही कोमल. पट्ट्या त्याच, शार्प तेच, आणि स्वर बघा कसे बदलत गेले. (हे तुम्ही साथीला बसून असंख्य वेळा केलं असेल, फक्त त्याला शार्प म्हणत नव्हता.)

उलटही होतं. एफला म्हणजे आपल्या पांढरी चारला सा धरा. शुद्ध म कुठे येतो? काळी पाचवर, आणि स्टाफवर त्याचं नाव बी फ्लॅट. नावात फ्लॅट आहे पण स्वर शुद्ध. आणि त्याच पट्टीत यमन वाजवायचा म्हटला तर तीव्र म येतो पांढऱ्या बीवर, त्याला ना शार्प ना फ्लॅट, लिहिताना तिथे नॅचरलची, म्हणजे आधीचा शार्प-फ्लॅट काढून टाकणारी, खूण करतात. तीव्र म आणि खूण नॅचरलची, हे एकदा हाताखाली आलं की गोंधळ कायमचा मिटतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, मेजरमध्ये ही चिन्हं का येतात. बिलावलाची चाल कुठूनही सुरू केली तरी तीच: एक पट्टी सोडून, एक सोडून, लगेच शेजारची, मग एक सोडून, एक सोडून, एक सोडून, आणि लगेच शेजारची. सीपासून निघालात तर ही चाल नेमकी पांढऱ्यांवरच पडते कारण ई-एफ आणि बी-सी यांच्यामध्ये काळी नाही. दुसरीकडून कुठूनही निघालात की कुठेतरी काळी लागते. ती काळी कुठल्या नावाने लिहायची याचा नियम एकच, सात सुरांना सात अक्षरं, प्रत्येक अक्षर एकदाच. एफपासून निघालो तर एफ, जी, ए, आणि पुढची काळी. तिला ए शार्प म्हटलं तर ए दोनदा झाला आणि बी गायब. म्हणून ती बी फ्लॅट. जीपासून निघालो तर शेवटची काळी एफ शार्प, कारण तिला जी फ्लॅट म्हटलं तर जीच दोनदा येतो. नुसता शिष्टाचार नाही हा, स्टाफवर ए आणि ए शार्प एकाच फटीत बसतात, मग दर वेळी खूण लाव, काढ, परत लाव, वाचणाऱ्याचा जीव जाईल. प्रत्येक अक्षर एकदाच घेतलं की खूण एकदाच ओळीच्या सुरुवातीला लावून मोकळं होता येतं, आणि तीच की सिग्नेचर.

आपल्या भातखंडे लिपीत हे लागतच नाही, कारण तिथे सा लिहिलं की पट्टी कुठली हा गायकाचा प्रश्न, कोमलाला खाली आडवी रेघ आणि तीव्र मला वर उभी रेघ, काम झालं. पियानोचं लिखाण मात्र पट्टीसकट सगळं ठरवून देतं.

प्रश्न: थिअरीची परीक्षा देतोय. १५ सिग्नेचर पाठ करायच्या आहेत, रोज करतो, आठवड्याने निम्म्या विसरतो. काही सोपी युक्ती? (बीएचा विद्यार्थी, नागपूर)

पाठ करू नकोस, तयार कर. सुरुवात कुठून करायची तेवढं माहीत असलं की सगळ्या १५ दोन मिनिटांत कागदावर उतरवता येतात.

शार्प नेहमी याच क्रमाने येतात: एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. कधीच उड्या मारत नाहीत. तीन शार्प असतील तर ते एफ, सी, जीच असणार, वेगळे तीन कधीच नाहीत. फ्लॅटचा क्रम बरोब्बर उलटा: बी, ई, ए, डी, जी, सी, एफ. यातली पहिली चार अक्षरं एका दमात वाच, बीड! आपला बीड जिल्हा, आणि मग जी, सी, एफ. एवढं लक्षात राहिलं की फ्लॅट झाले आणि उलट वाचलं की शार्प झाले.

आता सिग्नेचर बघून स्केल ओळखायचं. पुस्तकात नियम असतो, शेवटच्या शार्पच्या पुढची पट्टी म्हणजे मेजर स्केलचं नाव, आणि फ्लॅटमध्ये शेवटून दुसरा फ्लॅट हेच नाव. बरोबर आहे, पण का ते कळलं तर विसरणार नाहीस. सीवरून पाच अक्षरं वर मोजून जीला आलास की एक नवा शार्प लागतो आणि तो नवा शार्प नेहमी नव्या स्केलचा नी असतो. जीमध्ये एफ शार्प हा नी. डीमध्ये आणखी सी शार्प आला, तो डीचा नी. एमध्ये जी शार्प, तो एचा नी. म्हणजे शेवटचा शार्प नी आहे, त्याच्या लगेच पुढे सा असणारच. फ्लॅटमध्ये नवा येतो तो स्केलचा म. एफमध्ये बी फ्लॅट हा म, बी फ्लॅट मेजरमध्ये ई फ्लॅट हा म. शेवटचा फ्लॅट म धरायचा आणि म ग रे सा असं खाली उतरायचं, सा सापडला. शेवटून दुसऱ्याचा नियम एकच फ्लॅट असताना चालत नाही म्हणून लोक अडतात, पण मचा हिशोब तिथेही चालतो.

पाच-पाचने पुढे जात जात सगळं फिरून पुन्हा सीला येतं म्हणून हे वर्तुळात काढतात, जर्मनीत हाइनिखेन या संगीतकाराने १७२८ च्या पुस्तकात असं वर्तुळ छापलं होतं. तू घड्याळासारखं काढ, १२ वर सी, उजवीकडे शार्प वाढत जातात, डावीकडे फ्लॅट. खाली तीन ठिकाणी दोन-दोन नावं येतील, बी आणि सी फ्लॅट, एफ शार्प आणि जी फ्लॅट, सी शार्प आणि डी फ्लॅट, म्हणूनच स्केल १२ आणि सिग्नेचर १५. एबीआरएसएमच्या (ब्रिटनचं संगीत परीक्षा मंडळ) ग्रेड पाचच्या थिअरीला सहा शार्प-सहा फ्लॅटपर्यंतच विचारतात, तेव्हा सात-सातच्या दोन परीक्षेपुरत्या बाजूला ठेवल्यास तरी चालेल.

मायनरला वेगळी सिग्नेचर नसते. मेजरच्या सापासून तीन पट्ट्या खाली उतर (काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून), तो त्याचा जोडीदार मायनर. जी मेजरचा ई मायनर, दोन्हीला एकच शार्प. पीस यातला कुठला आहे हे ओळखायला डाव्या हाताचा शेवटचा सूर बघ, आणि मध्येमध्ये वेगळा लावलेला शार्प दिसतोय का ते बघ, ई मायनरमध्ये डी शार्प पुन्हा पुन्हा भेटेल.

परीक्षेत नसलं तरी एक सांगते, कागदावर करतोस ते त्याच दिवशी वाजव. फ्लॅटच्या स्केलमध्ये उजव्या हाताची बोटं लक्षात ठेवायला फार सोपं आहे, एफपासून डी फ्लॅटपर्यंतच्या पाचही मेजर स्केलमध्ये मधल्या वाटेत अंगठा सी आणि एफवर पडतो आणि चौथं बोट बी फ्लॅटवर. हाताला एकदा हे कळलं की चार फ्लॅट बघून छातीत धस्स होत नाही.

प्रश्न: ई शार्प म्हणजे एफच ना? मग सरळ एफ का नाही लिहीत? (अकरावी, ठाणे)

दाबायची पट्टी तीच, हो. पण एफ शार्प मेजर लिहून बघ: एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी, सी शार्प, डी शार्प, आणि नी. एफ हे अक्षर सा या सुरालाच वापरून झालंय, उरलं ई, म्हणून ई शार्प. यावरून हेही कळतं की शार्प म्हणजे काळी पट्टी असं काही नसतं. शार्प म्हणजे उजवीकडची शेजारची पट्टी, ती काळी असो की पांढरी. सी फ्लॅट म्हणजे बी तसंच. पुढे कधीतरी बारीक फुलीसारखी खूण दिसेल, तो डबल शार्प, दोन पट्ट्या उजवीकडे.

आणि एकच जागा दोन नावांनी लिहिल्याचा सुंदर नमुना बाखच्या १७२२ च्या चोवीस प्रील्यूड-फ्यूगच्या संग्रहात आहे, आठव्या जोडीतला प्रील्यूड ई फ्लॅट मायनरमध्ये लिहिलाय, सहा फ्लॅट, आणि त्याच्याच जोडीचा फ्यूग डी शार्प मायनरमध्ये, सहा शार्प. पियानोवर दोन्हींचा सा एकाच काळीवर. स्कोअर मिळाला तर दोन्ही पानं शेजारी ठेवून बघ.

प्रश्न: फ्युर एलिझ शिकतोय. सिग्नेचर रिकामी आहे, म्हणजे शार्प नाही फ्लॅट नाही, आणि दुसऱ्याच सुराला डी शार्प! मग पुढे लगेच नॅचरलची खूण. हे सगळं सुरुवातीलाच का नाही लिहून टाकलं? (नाशिकहून एक वाचक)

कारण तो डी शार्प पाहुणा आहे, घरचा नाही. हा पीस ए मायनरमध्ये आहे, ए मायनर हा सी मेजरचा जोडीदार, म्हणून सिग्नेचर रिकामी. सिग्नेचरमध्ये डी शार्प टाकला असता तर प्रत्येक डी शार्प झाला असता आणि ते बीथोव्हेनला नको होतं, त्याच बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या घरात) त्याला साधा डीसुद्धा हवाय.

पहिली ओळ अगदी जवळून बघा, अर्धी थिअरी तिथेच आहे. सुरुवातीच्या अर्धवट बारमध्ये दोनच सूर, ई आणि डी शार्प. मग बारची उभी रेघ. त्यानंतर ई, डी शार्प, ई, बी, डी, सी, आणि पुढच्या बारला ए. आता रेघेच्या अलीकडे डी शार्प होताच, तरी पलीकडे पुन्हा शार्प का छापलाय? कारण मध्येच लावलेली खूण त्या बारपुरतीच असते, रेघ आली की पुसली जाते, हवी असेल तर परत लावायची. आणि त्याच बारमध्ये पाचवा सूर साधा डी येतो, तिथे नॅचरल लावावाच लागतो, नाहीतर मघाचा शार्प अजून चालू आहे असं धरून तुम्ही डी शार्पच वाजवला असता. सिग्नेचर पूर्ण पीसला आणि सगळ्या सप्तकांना, मधली खूण फक्त त्या बारला आणि फक्त त्याच रेघेवरच्या किंवा फटीतल्या सुराला, एवढा फरक पक्का ठेवा. (बांधलेला सूर असेल, म्हणजे टाय, तर तेवढ्या सुरापुरती खूण रेघ ओलांडते.)

त्याला ई फ्लॅट का नाही म्हटलं असंही तुम्ही पत्रात विचारलंय. पट्टी तीच आहे पण तो सूर ईला खालून स्पर्श करून परत येतो, शेजारच्या अक्षराने. ई, ई फ्लॅट, ई असं लिहिलं असतं तर एकाच फटीत तीन सूर, फ्लॅट लाव, नॅचरल लाव, डोळ्याला हेलकावाच दिसला नसता. आत्ता स्टाफवर तो वर-खाली वर-खाली झोका नुसता बघूनही कळतो. पुढे डाव्या हाताला जी शार्प भेटेल, तो मात्र ए मायनरचा नी, सावर नेऊन सोडणारा. मायनरमध्ये हा नी सिग्नेचरमध्ये धरत नाहीत, दर वेळी हाताने लावतात.

प्रश्न: आजोबा चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे, त्यांच्या जुन्या वहीत सगळं दो, रे, मी मध्ये आहे. दो म्हणजे सा धरून वाजवलं तर गाणं जुळत नाही. (मडगाव)

गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या पॅरिश शाळांमधून सोल्फेज (दो, रे, मी म्हणत सूर वाचायची पद्धत) शिकवत, त्या पद्धतीत दो हलत नाही, दो म्हणजे कायम सी. तेव्हा सा धरू नका, रे म्हणजे डी, मी म्हणजे ई असं सरळ वाचा. एका ठिकाणी जपा, वहीतला सी म्हणजे सातवा सूर, म्हणजे इंग्रजी पद्धतीतला बी. बेमोल म्हणजे फ्लॅट आणि सुस्तेनिदो म्हणजे शार्प, तर सी बेमोल म्हणजे बी फ्लॅट. ओळीच्या सुरुवातीच्या सिग्नेचर मात्र तशाच, त्यात काही फरक नाही. वही जपून ठेवा. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखी गोव्याची माणसं हेच लेखन-वाचन घेऊन मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांचं काम त्यावर उभं राहिलं.

प्रश्न: भजनी मंडळात कीबोर्ड वाजवतो. गाणारे पट्टी सांगतात, काळी दोन, पांढरी चार, मी ट्रान्सपोजचं बटण दाबतो आणि सीवरच वाजवतो. मुलगा क्लासला जातो, तो म्हणतो बाबा ही चीटिंग आहे. खरं का? (कोल्हापूर)

नाही हो. स्केल चेंजर हार्मोनियम घेऊन बसणारे साथीदार हेच करतात, त्यांना कुणी नावं ठेवत नाही. काळी दोनला तीन घरं, पांढरी चारला पाच घरं वर, कार्यक्रमात वेळ नसतो तेव्हा बटण दाबा आणि निर्धास्त वाजवा.

पण तुमच्या मुलाचंही एका बाबतीत खरं आहे. बटण लावलं की बोट सीवर असतं आणि कानावर ई फ्लॅट पडतो, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज कसा हे हाताला आणि कानाला कधी जुळवताच येत नाही. साध्या लाकडी पियानोवर बटण नसतं. आणि स्टाफवर छापलेलं काही समोर आलं की तीन फ्लॅट बघून हात थांबतो. तेव्हा एवढं करा, सातही स्वर शुद्ध असलेला जो अभंग तुम्हाला झोपेतही वाजवता येतो तो घ्या आणि घरी बटण बंद करून जीवर वाजवा. एक काळी लागेल. जमला की एफवर, पुन्हा एक काळी, पण वेगळी. मग डी, मग बी फ्लॅट. चाल ओळखीची असल्यामुळे चूक झाली की कान लगेच सांगेल, आणि प्रत्येक पट्टीला किती आणि कुठल्या काळ्या लागल्या ते वहीत लिहून ठेवा. ती वही म्हणजे तुम्ही स्वतः बनवलेला की सिग्नेचरचा तक्ता, आणि तो मुलाच्या पुस्तकातल्या तक्त्याशी ताडून बघा, दोघं मिळून.

प्रश्न: पन्नाशीत पियानो सुरू केला. सगळी पुस्तकं सी मेजरपासून सुरू होतात आणि माझा अंगठा त्यातच अडकतो, स्केल कधी सरळ जातच नाही. मग शार्पवाली स्केलं मला कशी जमणार? (पुण्याहून एक वाचक)

जमतील, आणि कदाचित सीपेक्षा लवकर जमतील. सी वाचायला सोपं आहे, वाजवायला नाही. संगीतकार शोपँ आपल्या शिष्यांना बी मेजर आधी द्यायचा, पाच शार्पवालं, आणि सी मेजर उशिरा, कारण सीमध्ये सगळ्या पट्ट्या एका सपाटीला, लांब बोटांना टेकायला काही नाही आणि अंगठा खालून सरकवायला जागा नाही. आपला हात टेबलावर सैल ठेवून बघा, मधली तीन बोटं लांब, अंगठा आणि करंगळी आखूड. ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी यांवर पाच बोटं ठेवा, लांब बोटं काळ्यांवर, आखूड पांढऱ्यांवर, हात आपोआप बसतो.

तर सी थोडे दिवस बाजूला ठेवा आणि बी मेजर घ्या. उजव्या हाताला बी अंगठ्याने, सी शार्प आणि डी शार्प दोन-तीनने, मग ईवर अंगठा खालून, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प दोन-तीन-चारने आणि वरचा बी पाचव्याने. डाव्याला खालच्या बीवर चौथं बोट ठेवून चार-तीन-दोन-एक, चार-तीन-दोन-एक. दोन्ही हातांचे अंगठे ई आणि बी याच दोन पांढऱ्यांवर येतात, उजवा फक्त वरचा बी पाचव्याने घेतो. हात पट्ट्यांवर थोडा आत, झाकणाकडे सरकवून ठेवा, बोटं मुद्दाम वाकवू नका, आणि अगदी सावकाश वाजवा. आठवडाभराने पुस्तकातलं बी मेजरचं पान उघडा, सुरुवातीला पाच शार्प दिसतील, एफ, सी, जी, डी, ए, याच क्रमाने, आणि पाचही पट्ट्या तोवर तुमच्या बोटांच्या ओळखीच्या झालेल्या असतील.